मालक काय करतात?

परंड्याच्या किल्ल्याबाहेर बाईनं माझ्यापुढं मोबाईल धरला. मोबाईल मराठीत बोलला, "उद्यापासून मला दुसरा चालक हवा आहे. तुम्ही माझ्यावर नाराज आहात."

मी नाराज नव्हतो. मला गप्प बसायची ऑर्डर होती.

आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाला पार्टी म्हणतात, मग ते एकटं का असेना. ही पार्टी इंग्लंडची. साठीच्या पुढची बाई, एकटीच किल्ले बघत फिरणारी. धाराशिवातनं गाडी काढतानाच आमच्या ट्रॅव्हल्सच्या साहेबांनी मला दम भरला होता.

"तात्या, जर्मन असला तर टायमात पोचायचं. जपानी असला तर फोटोला गाडी थांबवायची. अन् इंग्रज असला तर तोंड बंद. घरचं विचारलेलं त्यांना खपत न्हाय."

"अन् आपला माणूस तिकडं गेला तर?"

"तो विमानातच चिवडा काढतो. तुम्ही विषय बदलू नका. मागच्या पार्टीनं तक्रार केलीय, ड्रायव्हर लई बोलतो म्हणून. आणखी एक आली की चावी ठेवायची."

चावी ठेवायची म्हणजे काम सुटलं. माझी बायको जाऊन सहा महिने झाले होते. पोरी आपापल्या घरी. घरात बसलो असतो तर भिंतीशी बोलावं लागलं असतं. म्हणून दोन दिवस तोंड शिवून गाडी चालवली. नळदुर्ग झालं, लेणी झाली. बाई हसली की मी आरशात मान हलवायचो.

अन् आता न बोलल्याची तक्रार होणार होती. मी तिच्या मोबाईलकडं तोंड केलं अन् पहिलं सुचलं ते विचारलं, "मालक काय करतात?"

आमच्याकडं बाईच्या नवऱ्याला मालक म्हणतात. मोबाईलला ते कुठलं ठाऊक. बाईचा चेहरा कडक झाला. उत्तर आलं, "माझा कोणीही मालक नाही."

मला वाटलं, वारले. वाईट वाटलं. म्हटलं, "आमची मंडळी बी गेली. सहा महिनं झालं."

बाईनं रस्त्यावर दोन्हीकडं बघितलं. मोबाईल बोलला, "कुठे गेली? आपण त्यांची वाट बघायची का?"

"मंडळी म्हंजे बायको," मी म्हटलं. "वारली."

हे मात्र मोबाईलनं बरोबर सांगितलं. बाई शेजारच्या दगडावर बसली अन् पर्समधनं फोटोंचं पाकीट काढलं. म्हणाली, "माझ्या पुस्तकात लिहिले होते, भारतीय चालक कुटुंबाबद्दल विचारतात, रागावू नका. म्हणून मी फोटो आणले. तुम्ही विचारलेच नाही."

लेक, नातू, कुत्रं. मग टोमॅटोच्या रोपांपाशी उभा एक टकला माणूस. मी हात जोडले. "हे कधी गेले?"

"तो कुठेही जात नाही. त्याला विमानाची भीती वाटते."

मग मी मालक म्हणजे कोण ते समजावलं. बाई एवढी हसली की चष्मा काढून पुसावा लागला. मग तिनं माझ्या बायकोचं नाव विचारलं. चाळीस वर्षं माझं 'अगं'वरच भागलं होतं. "रुक्मिण," म्हटलं. तिला ते नीट जमेना. तीनदा म्हणून बघितलं. मी गाडीची काच पुसायला गेलो. काच साफच होती.

संध्याकाळी तिनं साहेबांना फोन केला. ड्रायव्हर हाच राहू दे म्हणाली. पुढचे चार दिवस मी काय गप्प बसलो नाही.

साहेबांनी चावी मागितली नाही. उलट सगळ्या ड्रायव्हरांना सांगितलं, इंग्रजाला घरचं विचारत जा, त्यांना आवडतं. पुढच्या महिन्यात एक इंग्रज आला. गाव सुटायच्या आत मी त्याला बायकोचं विचारलं. तो सोलापूर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसला. घटस्फोट चालू होता म्हणे.

आता साहेबांनी इंग्रजाचा नियमच काढून टाकलाय. जर्मनाचा तेवढा ठेवलाय. आमच्याकडं अजून जर्मन आलेला नाही.