ही भिंत कुणी केली?

वसईजवळ कामणला आमच्या गाळ्यात एक कोपरा आहे. प्लायचे उरलेले तुकडे, लॅमिनेटच्या पट्ट्या, तळाला थोडासा रंग राहिलेले डबे. लागतील कधीतरी, म्हणून कुणी फेकत नाही. किश्शांचंही तसंच होतं. साइट संपते, किस्सा उरतो आणि चहाच्या वेळी कुणीतरी तो बाहेर काढतंच.

आमचा इंटीरियरचा कॉन्ट्रॅक्टर रॉकीदादा, सांडोरचा. प्रथमेश लाइटचं काम करतो. मी भिंती रंगवतो, नववीत शाळा सोडली तेव्हापासून. मला बोलायला जमत नाही. प्रथमेशला बोलण्याशिवाय काही जमत नाही, असं मी सगळ्यांना सांगतो, पण ते खरं नाही. त्याचं कामही चांगलं आहे. तेच तर दुखणं आहे!

हल्ली प्रत्येकाला हॉलमध्ये एक भिंत चुन्याच्या फिनिशची लागते. फिकट, मातकट, ढगाळ. ब्रश आडवातिडवा मारत मी तिच्यावर खपतो. मग प्रथमेश येतो, सीलिंगमधल्या लाइटच्या पट्ट्या पेटवतो आणि घरातले सगळे "वॉव!" करून वर बघतात. वर! भिंत समोर असते.

* * *

एक दिवस रॉकीदादा म्हणाला, "कळंबला बीचजवळ कॉटेजचं काम घेतलंय. मला तिथं रोज यायला जमायचं नाय. कस्टमर ज्याला मागेल, साइट त्याच्या ताब्यात."

अख्खी साइट! प्रथमेशने माझ्याकडे बघून डोळा मारला. त्याला सगळे नावाने ओळखतात. मला 'पेंटर' म्हणतात. खूश असले तर 'ओ पेंटर'.

* * *

विरारच्या सावंतकाकूंनी मोबाइलवर फोटो दाखवून बिनहँडलचं किचन करून घेतलं. ड्रॉवरला हँडल नाही, नुसतं दाबलं की उघडतो. काकू ओट्याशी पोळ्या लाटायला उभ्या राहिल्या की कंबर लागून ड्रॉवर उघडायचा. तो बंद केला की शेजारचा!

तक्रार कुणाकडे करावी? सुताराकडे. काकूंनी फोन केला प्रथमेशला. "अरे, मी पोळ्या लाटू की ड्रॉवर लावत बसू?"

"काकू, किचन तुमच्या प्रेमात पडलंय!"

सुतार जाऊन ते नीट करून आला. पुरणपोळ्यांचा डबा प्रथमेशला आला. त्या किचनशी त्याचा संबंध मिक्सरच्या प्लगपुरता!

* * *

सांडोरला एका घरात क्रुसाच्या कोनाड्यात प्रथमेशने सेन्सरचा लाइट लावला. माणूस हलला की लागतो, हालचाल थांबली की विझतो. घराला आशीर्वाद द्यायला संध्याकाळी फादर आले. सगळे डोळे मिटून उभे राहिले. अंधार! कुणीतरी हात हलवला, उजेड. पुन्हा प्रार्थना, पुन्हा अंधार!

शेवटी आजी वैतागली. "पोरा, देवासमोर उभं राहायचं की नाचायचं?"

मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. गेलं कळंब याच्या हातून!

फादर मात्र हसायला लागले. "कोण झोपलंय ते लगेच कळतं की! आमच्या चर्चमध्ये पण लाव."

* * *

नालासोपाऱ्यात एका मुलाने घराचं काम काढलं, तेव्हा वडील गावाला होते. परत आल्यावर त्या काकांनी माझी ढगाळ भिंत पाहिली आणि चप्पल न काढताच वरच्या मजल्यावर गेले. "तुमचं बाथरूम गळतंय!"

वरचे भांडतच खाली आले.  भिंत बघून त्यांनीच प्लंबर बोलावला. तो भिंतीला कान लावून म्हणाला, "लिकेज जुनं आहे."

मी ब्रश घेऊन तिथेच उभा. 

प्रथमेश शिडीवरून म्हणाला, "काका, ही ओल नाही, फॅशन आहे."

"बरं झालं बाबा, तू सांगितलंस. नाव काय तुझं?"

भिंत माझी, नाव त्याचं विचारलं!

* * *

कळंबच्या मॅडम आमचं काम बघायला वसईच्या एका तयार फ्लॅटवर आल्या. दुपार उतरत आली होती. प्रथमेशने इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्याने ऐटीत रिमोट दाबला. काही नाही. पुन्हा दाबला. अख्ख्या एरियाची लाइट गेली होती!

उकडायला लागलं म्हणून मी बाल्कनीचा पडदा सारला. तिरपं ऊन भिंतीवर पडलं. मॅडम बोलता बोलता थांबल्या, जवळ गेल्या, तळवा टेकवला.

"ही भिंत कुणी केली?"

याचं उत्तर मी कितीतरी भिंतींना एकट्याने देऊन पाहिलं होतं. मी केली, मॅडम. नितीन. आता मात्र मी पडद्याच्या चुण्या नीट करायला लागलो.

मागून प्रथमेशचा आवाज आला, "आणि हे ऊन बघा मॅडम, आमचं लेटेस्ट लाइटिंग!"

मॅडम खळखळून हसल्या. निघताना आमच्या दिशेने हात करून रॉकीदादाला म्हणाल्या, "मला नावं लक्षात राहत नाहीत. पण कळंबला ह्यालाच पाठवा."

आम्ही दोघं खांद्याला खांदा लावून उभे होतो!

जिन्यात रॉकीदादाने विचारलं, "ह्याला म्हणजे कोणाला रे?"

"मला!" आम्ही दोघं एकदम ओरडलो. हो, मीसुद्धा.

शेवटी त्याने दोघांनाही पाठवलं. मॅडम कॉटेजच्या पायरीवर उभ्या होत्या. आम्हाला एका बाइकवरून उतरताना बघून त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"अरे, एकालाच बोलावलं होतं ना? हा दुसरा कशाला आला?"

मी प्रथमेशकडे पाहिलं. प्रथमेश माझ्याकडे बघत होता!