छोटं केलेलं गाऱ्हाणं

मे महिन्याच्या त्या आठवड्यात वारा सुटला होता आणि मालवणात पर्यटकांच्या बोटी बंद होत्या. बोटी बंद झाल्या की होम स्टे चालवणाऱ्याचे हाल सुरू होतात. किल्ला नाही, स्कूबा नाही, पाहुणे खोलीत बसून कंटाळतात आणि कंटाळलेल्या पाहुण्याला जेवणातलं मीठसुद्धा कमी लागतं. त्यामुळे पुण्याहून आलेल्या चौघांनी दुपारी विचारलं, "दादा, तुमच्या मोठ्या टीव्हीवर नवा एपिसोड लावू का?" तेव्हा मी एका पायावर तयार झालो.

मालिका मला माहीत होती. प्रत्येक भागात नवी माणसं, नवी गोष्ट, आणि सगळं पुढच्या कुठल्यातरी काळातलं. मी ती बघायचो ते मुख्यतः पाहुण्यांशी बोलायला विषय हवा म्हणून. निम्मं कळायचं नाही, पण मुंबईतल्या ऑफिसात बरीच वर्षं काढल्यामुळे न कळलेल्या गोष्टीवर मान डोलवत बोलायची सवय आहे.

आम्ही सगळे पुढच्या पडवीत बसलो. बायको मधूनमधून स्वयंपाकघरातून डोकावत होती. बाबा दाराशी पाटावर बसून रातांबे फोडत होते. रातांब्याच्या साली वाळवून आमसुलं करायची, ते काम ते दुसऱ्या कुणाला देत नाहीत. खिशात त्यांनी माझा मोबाइल ठेवला होता. मुंबईत माझ्या बहिणीचं ऑपरेशन त्याच दिवशी होतं. भावोजींचा फोन येणार होता आणि तो बाबांना स्वतः घ्यायचा होता.

पण सकाळी काय झालं ते आधी सांगायला हवं.

आमच्याकडे घरात काही व्हायचं असलं, कुणी प्रवासाला निघालं, कुणी आजारी पडलं, की घरातला मोठा पुरुष खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, तुळशीसमोर नारळ घेऊन उभा राहतो आणि गाऱ्हाणं घालतो. देवाला मोठ्याने सांगायचं, आमचं असं असं आहे, सांभाळून घे. प्रत्येक मागण्यानंतर मागे उभ्या असलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. ते म्हणणारं कुणी नसेल तर गाऱ्हाणं अर्धवट वाटतं. बाबांचं गाऱ्हाणं आमच्या वाडीत नावाजलेलं. गावच्या बारापाचाच्या देवांची नावं, जागा राखणाऱ्या जागेवाल्याचं नाव, घराच्या मूळपुरुषाचं, मग पिढ्या, मग मागणं. आवाज चढायचा, उतरायचा, आणि ऐकणाऱ्याला कुठे व्हय म्हणायचं ते आपोआप कळायचं.

होम स्टे सुरू झाल्यावर एकदा बाबांनी समुद्रात जाणाऱ्या पाहुण्यांसाठी आपणहून गाऱ्हाणं घातलं. कुणीतरी त्याचा व्हिडिओ केला. तो बऱ्याच लोकांनी बघितला, आणि पुढचे पाहुणे यायचे तेच "ते गाऱ्हाणं असतं ना तुमच्याकडे?" असं विचारत. मग माझं डोकं चाललं. तुळशीजवळ फोकस लाइट बसवला. पाहुण्यांना उत्तर कुठे द्यायचं ते कळेना, म्हणून मी बाजूला उभा राहून हात वर करायचो, की सगळे "व्हय म्हाराजा!" सुरू व्हायचे. मूळपुरुष आला की पोरं मोबाइल बघायला लागायची, म्हणून बाबांना म्हटलं, "जरा छोटा करा. तेंका एवढी नावा कित्याक?" बाबांनी नावं काढली. मग पिढ्या काढल्या. उरलं ते एवढंच, की ही लेकरं तुझ्या दारात आली आहेत, समुद्रात यांची राखण कर, सुखरूप घरी पोचव. सुटसुटीत झालं, असं मी चारचौघांत कौतुकाने सांगायचो.

त्या दिवशी सकाळी बाबा आंघोळ करून, सोवळं नेसून, नारळ घेऊन तुळशीसमोर उभे राहिले. बहिणीसाठी. मी मागे होतो. पाहुणे चहाचे कप घेऊन खोल्यांबाहेर आले आणि त्यांनी मोबाइल वर धरले. त्यांना सांगायला हवं होतं की हे तुमच्यासाठी नाही, हे आमच्या घरचं आहे. नाही सांगितलं. कसं सांगायचं, पाहुणे नाराज होतील, एवढंच मनात आलं.

बाबांनी डोळे मिटले आणि सुरू केलं, "बा देवा म्हाराजा, आज ही लेकरा तुझ्या दारात इली आसत..."

"व्हय म्हाराजा!" पाहुण्यांनी झोकात उत्तर दिलं.

"समुद्रात जातत, तेंची राखण कर..."

"व्हय म्हाराजा!"

"आणि सुखरूप तेंका तेंच्या घराक पोचव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!" आणि टाळ्या.

बाबा नारळ हातात धरून तसेच उभे. टाळ्या थांबल्या तरी उभे. मग त्यांनी नारळ फोडला आणि आत गेले. देवघरापाशी मला म्हणाले, "चेडवाचा नाव ऱवला." लेकीचं नावच घ्यायचं राहिलं होतं.

"ऱवला तर ऱवला," मी म्हटलं. "देवाक कळता हो. तेका काय तिचो पत्तो सांगूक लागता?"

माझ्या मते मी त्यांची समजूत काढत होतो. खरं म्हणजे पाहुण्यांची घावनं गार होत होती आणि मला घाई होती.

तर दुपारी आम्ही एपिसोड बघायला बसलो. गोष्ट अशी होती. पुढच्या काळातलं एक शहर, तिथे मुलांना झोप येईनाशी झाली आहे. एका गरीब माणसाला त्याच्या आईची अंगाई येते आणि त्याने ती म्हटली की कुठलंही मूल झोपतं. एक कंपनी त्याला घेऊन जाते. तो रोज काचेच्या खोलीत बसून हजारो घरांसाठी अंगाई म्हणतो. लोकांना वेळ नाही म्हणून कंपनी तिच्यातल्या ओळी कमी करते आणि मध्ये आपल्या दोन घालते. शेवटी त्याची स्वतःची मुलगी तापाने तळमळत असते. तो तिच्या उशाशी बसतो, तोंड उघडतो, आणि बाहेर येते ती कंपनीची अंगाई. पुन्हा सुरू करतो. पुन्हा तीच. पडदा काळा होतो.

तो काळा झाला आणि चर्चेला तोंड फुटलं. चष्मेवाल्या मुलाचं म्हणणं, कंपनीने त्याच्या घशात काहीतरी बसवलं आहे. "दुसऱ्या सीनमध्ये मानेवर व्रण दिसतो, मागे घे." मागे घेतलं. व्रण होता की सावली यावर दोघं भांडली. त्याचा मित्र म्हणाला, करारच तसा असणार, दुसरं काही म्हटलं की आवाज बंद. आखूड केसांची मुलगी एकटी म्हणत होती, "अरे, घशात काहीच नाहीये. रोज तेच म्हणून म्हणून तो मूळचं विसरलाय. एवढी साधी गोष्ट आहे."

"मग यात सायन्स फिक्शन काय राहिलं?" चष्मेवाला म्हणाला, आणि सगळे हसले. मीही हसलो. वर माझं घोडं दामटलं, "तंत्रज्ञान माणसाला कसं पोखरतं, ते दाखवायचंय त्यांना." हे वाक्य मी कुठल्याही भागानंतर वापरतो.

बायको दारातून म्हणाली, "ती पोर झोपली की नाही, ते नाय दाखवल्यानी?"

तेवढ्यात बाबांचा आवाज आला. ते टीव्हीकडे बघत नव्हते. हातातला रातांबा फोडता फोडता म्हणाले, "घशात काय एक नाय तेच्या. माझ्या घशात खंय काय घातलेला आसा?"

ऐकणारे आम्ही पाचसहा जण होतो, पण ते ज्याच्यासाठी बोलले त्याला नेमकं लागलं. सकाळपासून जे मी टाळत होतो ते त्यांनी एका वाक्यात सांगून टाकलं, तेही न रागावता. रागावले असते तर मला उलट बोलता आलं असतं.

"काका काय म्हणाले?" चष्मेवाल्याने विचारलं. बाबा भरभर आणि पुटपुटत बोलतात, बाहेरच्यांना पटकन कळत नाही.

"काही नाही," मी म्हटलं. "म्हणतात, एपिसोड छान होता."

म्हणजे बापाच्या तोंडचं सकाळी हरवलं ते हरवलंच, दुपारी जे त्याला सापडलं तेही मी पाहुण्यांना सोयीचं करून दिलं. सवयच लागली होती. छोटं करायचं, गोड करायचं, वाढायचं. आखूड केसांच्या मुलीने माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. तिला मालवणी कळत होती की माझा चेहरा, कोण जाणे. मला तिथून उठून कुठेतरी जावंसं वाटलं, पण घर माझंच होतं.

संध्याकाळी पाहुणे किनाऱ्यावर फिरायला गेले. तेव्हा फोन आला. बाबांनी लाल झालेले हात धोतराला पुसून तो घेतला. भावोजी सांगत होते की अजून तिला बाहेर आणलेलं नाही, डॉक्टर म्हणाले वेळ लागतोय, काळजी करू नका. काळजी करू नका म्हटल्यावर माणूस जे करतो तेच बाबांनी केलं. फोन मला दिला आणि नारळ मागितला.

तिन्हीसांजा झाल्या होत्या. तुळशीजवळचा फोकस आपोआप लागतो, तो लागला होता. बाबा म्हणाले, "ता बंद कर." मी बंद केला. बायको हात पुसत बाहेर आली आणि आम्ही दोघं त्यांच्या मागे उभे राहिलो.

बाबांना सुरुवात सापडेना. ओठ हलत होते. एकदा "ही लेकरा" असं आलं आणि त्यांनी मान हलवून ते टाकून दिलं. मी मागे उभा राहून मनातल्या मनात त्यांना नावं पुरवायला गेलो, तर मलाही ती येईनात. ज्या घरात जन्मलो त्याच्या मूळपुरुषाचं नाव मला आठवत नव्हतं. मीच काढायला लावलं होतं ते.

मग हळूहळू आलं. "बा बारापाचाच्या देवा म्हाराजा... ह्या जागेच्या जागेवाल्या... " एकेक नाव ते अंधारात चाचपून उचलत होते. मूळपुरुष आला. पिढ्या आल्या, एक मागे-पुढे झाली असावी. आणि मग आवाज खाली आला. "सकाळी माझ्यान चूक झाली ती पदरात घे रे म्हाराजा. पाव्हण्यांचा तेवढा बोललंय आणि माझ्या चेडवाचा इसारलंय. तिका त्या दारातसून भायर हाड."

ते थांबले. इथे आम्ही व्हय म्हणायचं होतं.

आणि माझा हात वर गेला.

खळ्यात कुणी नव्हतं. तरी माझा उजवा हात कोपरातून उचलला गेला आणि मी रिकाम्या खळ्याकडे वळून बघितलं, उत्तर तिकडून येईल म्हणून. बायकोने एकटीने "व्हय म्हाराजा" म्हटलं. एकच आवाज आला म्हणून बाबा मागे वळले. त्यांनी माझा वर असलेला हात बघितला. पुन्हा तुळशीकडे तोंड केलं आणि पुढचं गाऱ्हाणं पुरं केलं. मी हात खाली घेतला आणि व्हय म्हणू लागलो, पण दर वेळी बायकोच्या मागून. एवढी लाज मला कधी कुणी शिव्या देऊनही वाटली नव्हती.

थोड्या वेळाने फोन आला. बहीण बाहेर आली होती, शुद्धीवर येत होती, डॉक्टर समाधानी होते. बाबा "बरा, बरा" एवढंच म्हणाले आणि रातांब्यांच्या साली झाकून ठेवायला गेले.

जेवायच्या आधी पाहुणे परत आले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना निघायचं होतं. चष्मेवाल्याने विचारलं, "दादा, शेवटचं एक गाऱ्हाणं होईल का? सकाळी माझा व्हिडिओ मधूनच बंद पडला." आखूड केसांच्या मुलीने त्याचं मनगट दाबलं. मी सांगणार होतो की नाही, आता होणार नाही, आजपासून कधीच होणार नाही. वाक्य जुळवत होतो. माझ्याआधी बाबाच उठले.

"घालुया," ते म्हणाले. "लेकरा लांब जातली." आणि तुळशीकडे जाता जाता माझ्यापाशी थांबून, माझ्या खांद्याला हात लावून, अगदी सहज म्हणाले, "लाइट लाव. आणि तू हात वर कर हां, खंय म्हणूचा ता तेंका कळना नाय."

मी लाइट लावला आणि हात वर केला.