दुप्पट थांबायचं

वायरकाकांना खऱ्या नावाने हाक मारणारं आता कोणी उरलं नव्हतं. बायको गेली, लेक बोलत नव्हती, आणि कामावर साहेबांपासून झाडूवालीपर्यंत सगळ्यांच्या तोंडी वायरकाकाच. एका इमारतीच्या तळघरात, लोखंडी कपाटांच्या रांगांमध्ये, ते एकतीस वर्षं बसत होते. कपाटांत यंत्रं, यंत्रांवर लुकलुकणारे हिरवे दिवे. अर्ध्या शहराचं इंटरनेट त्या खोलीतून जायचं. यंत्रं तापू नयेत म्हणून खोली इतकी गार ठेवलेली, की बाहेर घामाच्या धारा लागल्या तरी काका आत स्वेटर घालून. जेवायच्या सुट्टीत ते फाटकाशी उन्हात उभे राहून हात शेकायचे.

माणूस तसा अबोल. पण कोणी चुकून विचारलं, की काका, हे इंटरनेट चालतं तरी कसं, तर अशी टकळी सुरू व्हायची की विचारणारा पस्तावायचा.

"मधली यंत्रं ठोंब असतात," ते सांगायचे. "मुद्दाम ठोंब ठेवलेली. तुमच्या निरोपाचे तुकडे होतात. तुकडा आला, पत्ता बघितला, पुढे ढकलला, विसरून गेलं. आत काय लिहिलंय, याच्याशी देणंघेणं नाही. पोचेलच असा शब्द कोणी देत नाही. सगळी अक्कल दोन टोकांना. एकाने पाठवायचं, दुसऱ्याने 'मिळालं' म्हणून कळवायचं. नाही कळवलं तर तोच तुकडा पुन्हा पाठवायचा."

"आणि तरी नाही कळवलं तर?"

"दुप्पट थांबायचं. मग पुन्हा पाठवायचा. मग त्याच्या दुप्पट थांबायचं. सगळ्यांनीच एकदम धोशा लावला तर रस्ता तुंबेल ना! समोर गर्दी असेल, काही अडचण असेल, असं धरून आपण मागे सरायचं. सभ्यपणा म्हणतात त्याला."

'सभ्यपणा' म्हणताना काकांची मान जरा ताठ व्हायची. आता यंत्रांचा सभ्यपणा यंत्रांपाशी ठेवावा की नाही? पण नाही. एकतीस वर्षं यंत्रांबरोबर काढलेला माणूस, त्याने तो घरी नेला. आणि तिथेच सगळं बिनसलं.

झालं असं. बायको गेली. लेक दुसऱ्या शहरात नोकरीला, ती आठ दिवस राहिली आणि रजा वाढवून घ्यायला म्हणून दोन दिवस परत गेली. त्या दोन दिवसांत काकांनी बायकोचं कपाट रिकामं केलं. खिडकीजवळचं शिलाई मशीन एका शिवणवर्गाला देऊन टाकलं. मशीनवर लेकीचा शर्ट अर्धा शिवून राहिला होता, तोही त्यात गेला. लेक परत आली, दारातूनच तिने तो रिकामा कोपरा पाहिला आणि बॅग खाली ठेवलीच नाही.

"आईचं एवढंसंही ठेवावंसं वाटलं नाही तुम्हाला? आलं ते पुढे ढकलायचं, बस्स. घरातसुद्धा तुम्ही तेच!"

काका तिच्या हातातली बॅग घ्यायला पुढे झाले. ती एक पाऊल मागे सरली.

"मला फोन करू नका," असं म्हणून ती निघून गेली.

फोन करू नका म्हणाली, म्हणून काकांनी मेसेज पाठवला. 'मी ठीक आहे. तू कशी आहेस? बाबा.' उत्तर नाही. एक दिवस थांबून तोच पुन्हा पाठवला. उत्तर नाही. दोन दिवस थांबले. मग चार, मग आठ, मग सोळा. तुमच्या-माझ्यासारख्याने चौथ्या दिवशीच गाडी पकडली असती, दारात जाऊन उभा राहिला असता, शिव्या खाल्ल्या असत्या. काकांनी दुप्पट थांबायचं ठरवलं. लेक रागात आहे, म्हणजे समोर अडचण आहे. आपण तगादा लावला तर आणखी तुंबेल. मेसेजमधलं एक अक्षर त्यांनी बदललं नाही, कारण हरवलेला तुकडा जसाच्या तसा पाठवायचा असतो. बदलला तर तो दुसराच झाला.

शिफ्टच्या जोडीदाराला हे ठाऊक होतं. तो चाळिशीतला, तोंडाळ, सगळे त्याला रेडिओ म्हणत. त्याने एकदा काकांच्या फोनमध्ये डोकावून कपाळावर हात मारला.

"काका, हा लेकीला मेसेज आहे की वीज कंपनीची नोटीस? आणि हे बघा, दोन खुणा आल्यात. पोचलाय की तिला!"

"फोनला पोचलाय," काका म्हणाले. "तिला पोचला की नाही, हे फोन कसा सांगणार? ते तिनेच सांगायचं. दुसऱ्या कुणाच्या सांगण्याला अर्थ नाही."

"धन्य आहे तुमची," म्हणून रेडिओ डबा उघडून बसला.

बत्तीस दिवस गेले. चौसष्ट गेले. एकशे अठ्ठावीस गेले. खिशातल्या छोट्या कॅलेंडरवर काका पेनाने बारीक टिंब करायचे, एका दिवसाला एक. घरी आले की दोन खोल्यांतले सगळे दिवे लावायचे आणि एका खुर्चीवर बसायचे. खिडकीजवळच्या कोपऱ्यात त्यांनी काहीच ठेवलं नाही. एकदा शेजारीण म्हणाली, तिथे एक टेबल छान बसेल. काका 'हो' म्हणाले आणि टेबल काही आणलं नाही. एकटेपण त्यांना खात होतं, पण ते सांगणार कोणाला? सांगावं अशी एक लेकच होती, आणि तिच्यासाठी नियम चालू होता.

नववा मेसेज गेला. आता थांबायचं होतं दोनशे छप्पन दिवस. आणि दहावा शेवटचा. त्यांच्या खोलीत हाच दंडक होता. दहा वेळा पाठवून उत्तर नाही, तर यंत्र समोरचं टोक मेलं असं समजायचं आणि त्याची जागा दुसऱ्याला द्यायचं. लेकीच्या जागी दुसरं कोण येणार होतं! काकांना ते कळत होतं. त्या दोनशे छप्पन दिवसांत त्यांचं वजन सहा किलोने उतरलं.

दहावा त्यांनी सकाळी कामावर बसून पाठवला. तीच दोन वाक्यं. मग फोन मांडीवर उपडा ठेवला.

अकरा वाजता फोन थरथरला.

'बाबा, सगळे मिळाले होते. पहिल्याला उत्तर लिहून मीच खोडलं, रागात होते. दुसऱ्या दिवशी परत आला तेव्हा रडले. मग तुम्ही दोन दिवसांनी पाठवलात, मग चार, मग आठवड्याने, मग महिन्याने. मग अख्खे महिने जायला लागले. मी समजले, बाबांना माझा कंटाळा येत चाललाय, हळूहळू सोडतायत. आणि दर वेळी तेच शब्द! फोनला सांगून ठेवलंय, आपोआप जातंय, असंच वाटलं. कधी तरी न राहवून एका दिवसात दोन पाठवाल, तर लगेच उत्तर द्यायचं असं ठरवलं होतं मी. नाही पाठवलेत. आता सवय झालीय. काळजी घ्या.'

काकांनी ते तीनदा वाचलं. सभ्यपणाच्या नावाखाली आपण काय करून बसलो, हे तिसऱ्यांदा वाचताना त्यांच्या नीट ध्यानात आलं. तिकडे पोर दिवस मोजत होती. इकडे आपण मोजत होतो.

त्यांनी लिहिलं, 'कंटाळा नाही ग.' पाठवलं. उत्तराची वाट न बघता पुढचा लिहिला, 'मी गाढव आहे.' पाठवला. 'तो शर्ट सुईखाली तसाच अडकलेला होता. तो बघितला की मला श्वास घेता येईना. म्हणून दिलं सगळं. तुला विचारायला हवं होतं.' पाठवला. 'शिवणवर्गात मी दोनदा जाऊन आलो, त्यांनी तो उसवून टाकला होता.' पाठवला.

"काका!" रेडिओ ओरडला. "तिसऱ्या रांगेत लाल दिवा!"

"तू बघ," काका मान वर न करता म्हणाले. एकतीस वर्षांत त्यांच्या तोंडून हे पहिल्यांदा निघालं. रेडिओ गुमान तिसऱ्या रांगेकडे गेला.

काका लिहितच होते. चष्म्यावर पाणी, बोटं चुकत होती, अर्ध्या शब्दांवर मेसेज सुटत होते. दिवे लावून बसतो. तुझी आई गेल्यापासून घरात मोठ्याने बोललो नाही. रविवारी येऊ का. नको म्हणालीस तरी येतो. शनिवारीच येतो. चौदा मेसेज गेले असतील, एकापाठोपाठ एक, आणि पंधरावा अर्धा झाला होता तेव्हा पलीकडून आलं,

'बाबा, हळू. वाचतेय मी.'

काका काही हळू झाले नाहीत.