एका रेघेचे दोन दशांश

पारामावशींचं खरं नाव त्यांच्या पगारपत्रकावर होतं, तेवढंच. बाकी संशोधन केंद्रापासून कोपऱ्यावरच्या किराणावाल्यापर्यंत सगळ्यांच्या त्या पारामावशी. एकतीस वर्षं त्यांनी तळ्याच्या पाण्याचं तापमान मोजलं, हे नावाचं एक कारण. दुसरं कारण त्यांच्याशी एकदा वाद घातलेल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नसे.

काम सांगायला एका ओळीचं. रोज सकाळी सात वाजता लाकडी धक्क्याच्या टोकाला जायचं, पितळी नळीत बसवलेला थर्मामीटर दोरीनं दोन मीटर खोल सोडायचा, पाच मिनिटं थांबायचं, वर ओढायचा, वाचायचा, वहीत लिहायचं. पण वाचणंही येरागबाळ्याचं नव्हे. डोळा पाऱ्याच्या बरोबर समोर हवा, ना वर ना खाली. आधी दशांश वाचायचा, मग पूर्ण अंश; कारण माणूस जवळ आला की त्याच्या नुसत्या उबेनं पारा हलतो, आणि पहिला फसतो तो दशांशच. लिहायचं पेनानं. चुकलं तर खोडायचं नाही. चुकीवर एकच आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी बरोबर आकडा आणि सही.

“अगं, तळं काय पळून जातंय?” त्यांचे यजमान शिलाई मशीनवरून विचारायचे. त्यांचं घरातच कपडे शिवायचं दुकान होतं.

“तळं नाही पळत, सात वाजून जातात.”

“माझ्या टेपला एवढा मान दिला असतास तर आज दोन मजले असते आपले.”

“तुमच्या टेपनं शिवलेल्या बाह्या कधी दोन सारख्या आल्यात?”

सासूबाई गेल्या त्या पहाटेसुद्धा मावशी सातला धक्क्यावर होत्या. आकडा लिहिला, वही मिटली आणि मग तिथेच बसून रडल्या. फक्त मुलगी झाली तेव्हा चार दिवस जाणं झालं नाही. त्या चार रकान्यांत त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं, ‘नोंद नाही’.

हा रोजचा एक आकडा वर केंद्राच्या मोठ्या इमारतीत जायचा. मासेवाले त्यावरून अंडी कधी फुटतील ते मांडायचे. तापाच्या साथींचा अभ्यास करणारे डासांच्या अळ्यांचा हिशेब करायचे. धरणवाले पाणी किती उडून जाईल ते काढायचे. तिघांची तीन मॉडेलं, तिघांचं एकमेकांशी पटायचं नाही, पण तिघांच्याही मुळाशी मावशींचा आकडा. एवढ्या वर्षांत तिघांपैकी एकही माणूस सकाळी सातला धक्क्यावर फिरकला नाही. मावशींची त्याबद्दल तक्रार नव्हती. ज्याचं त्याचं काम.

त्या निवृत्त झाल्या, धक्क्याला एक विजेवर चालणारं यंत्र बसलं, आणि दोन वर्षांनी एका दुपारी त्यांची भाची आली. शाळेत विज्ञान शिकवणारी, मावशीवर जीव असलेली. केंद्राचा नवा अहवाल तिच्या हातात होता आणि चेहरा उतरलेला.

“वाच की मोठ्यानं,” मावशी म्हणाल्या.

“सुरुवातीच्या एकोणीस वर्षांच्या नोंदी अविश्वसनीय असल्यानं वगळण्यात आल्या आहेत. दशांशाच्या जागी एकदाही विषम अंक आढळत नाही. सदर नोंदी प्रत्यक्ष निरीक्षणाविना लिहिल्या गेल्या असण्याची शक्यता आहे.”

“म्हणजे?”

भाचीनं खाली बघितलं. “म्हणजे तू घरी बसून आकडे ठोकलेस, असं म्हणतायत.”

शिलाई मशीन थांबलं.

“आणि मावशी, हा आलेख बघ. ती वर्षं आत ठेवली की मॉडेल कुठेच बसत नाही. काढली की कसं छान बसतं.”

घ्या! म्हणजे सदरा अंगाला बसेना म्हणून अंगच छाटायचं. आणि छाटताना वर ठपका कुणावर, तर ज्या बाईनं एकोणीस वर्षं कुडकुडत, शिंकत, पोटुशी असतानासुद्धा त्या निसरड्या फळ्यांवर उभं राहून डोळे फोडून घेतले तिच्यावर! खोटंच लिहायचं असतं तर ते चार रकाने भरायला काय पैसे पडत होते?

“विषम अंक येईल कुठून, कपाळ!” मावशी कडाडल्या. “त्या जुन्या थर्मामीटरला एका अंशात पाचच घरं होती. एक रेघ म्हणजे दोन दशांश. मधलं अंदाजानं लिहायचं नाही, जवळची रेघ लिहायची, असा नियम होता. दोन, चार, सहा, आठ नाहीतर शून्य. पुढे दहा घरांचा आला, मग तीनही आले नि सातही आले!”

“मी येऊ का बरोबर?” यजमानांनी विचारलं.

“तुम्ही त्या बाह्या मोजा.”

मावशी तडक केंद्रात गेल्या. अहवाल लिहिणारा डॉक्टर पीएच.डी.चा, तिशीतला, आदबशीर. त्यानं खुर्ची दिली, चहा मागवला. मावशी बसल्या नाहीत.

“मावशी, व्यक्तिशः तुमच्यावर काही नाही हो. संगणकानं तपासलंय सगळं.”

“संगणकाला पाय नाहीत, डॉक्टरसाहेब. तुम्हाला आहेत. चला खाली.”

खाली प्रवेशदालनात काचेचं कपाट होतं, जुनी उपकरणं मांडलेलं. मधल्या फळीवर तो पितळी नळीतला थर्मामीटर, पुढे चिठ्ठी: ‘ऐतिहासिक उपकरण’. डॉक्टर रोज दोनदा त्याच्या शेजारून जात होता.

“एकवीस आणि बावीसच्या मधली घरं मोजा. मोठ्यानं.”

येणारेजाणारे थबकले. डॉक्टर वाकला. “एक, दोन, तीन, चार...” पाचवर त्याचा आवाज खाली गेला.

“पण हे कुठंतरी लिहून ठेवायला हवं होतं, मावशी.”

“लिहून? प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर आहे! उपकरण कुठलं, एक रेघ किती, सगळं!”

वह्या त्याच्याच खोलीतल्या कपाटात निघाल्या. पहिलं पान उघडलं. निळ्या शाईत, गोल अक्षरात, ‘एक रेघ = ०.२ अंश’. एकोणीस वह्या, एकोणीस वेळा.

डॉक्टरनं डोकं धरलं. “टायपिंगला आम्ही आकड्यांचीच पानं दिली होती. पहिल्या पानावर आकडे... नव्हते.”

“होता की. एक होता.”

“ही वर्षं आत घेतो, मावशी. पुढच्या अहवालात.”

“आणि हा गेलाय तो? किती जणांना?”

“तीन विभाग. मासे, साथी, धरण.”

“मग तिघांना आत्ता कळवा. माझ्यासमोर. मॉडेल बसलं नाही तर मॉडेलवर रागवा म्हणावं, माझ्यावर नको.”

आता कुठे त्या खुर्चीवर बसल्या. डॉक्टरनं पहिलं पत्र हातानंच लिहिलं आणि पुढे सरकवलं. मावशींनी चष्मा लावला, कागद डोळ्यांच्या बरोबर समोर धरला. ‘निरीक्षकाच्या नोंदींतील किरकोळ त्रुटींचा खुलासा झाल्याने...’

“त्रुटी कुणाची?”

“अं... आमची.”

“मग तसं लिहा.”

त्यानं नवा कागद ओढला.

“नवा नको,” मावशींनी पत्र परत त्याच्यापुढे ठेवलं. “ह्याच्यावरच. एक आडवी रेघ मारा, खालचं वाचता आलं पाहिजे. वर बरोबर काय ते. शेजारी सही.”

डॉक्टरनं रेघ मारली. वर लिहिलं, ‘आमच्या चुकीचा’. सही केली.

“वेळही घाला,” मावशी म्हणाल्या, आणि दुसऱ्या पत्राची वाट बघत बसल्या. चहा केव्हाच गार झाला होता. त्यांनी त्याला हात लावला नाही.