टपावरचे दोन पट्टे

गाडी घेतली ती वापरलेली. गडद निळी, आठ वर्षं चाललेली. विकणाऱ्याने छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, "भाभीजी, बस मंदिर जाने के लिए निकलती थी." बनारसमध्ये हे वाक्य कशालाही चालतं, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण अठरा वर्षं इथे काढूनही मी नाशिकची ती नाशिकचीच.

गाडी सासूबाईंसाठी होती. त्यांचं माहेरही इथलंच, दूधविनायकाच्या गल्लीतलं, सगळा जन्म काशीत गेलेला. धाकटी बहीण तेवढी प्रयागला दिलेली. तिला पक्षाघाताचा झटका आला, ती अंथरुणाला खिळली, आणि रोज संध्याकाळी फोनवर एकच धोशा: "ताई, कधी येतेस?" आईंचे गुडघे गेलेले, रेल्वेचा डबा चढवत नाही. भाड्याच्या गाडीत आतल्या वासाने त्यांना उलट्या होतात. म्हणून म्हटलं, आपलीच गाडी घेऊ, आतून-बाहेरून लख्ख करू आणि आईंना एकदा बहिणीपाशी नेऊन बसवू.

साफसफाईच्या बाबतीत मी जरा खाष्टच आहे. गाडी धुण्याच्या दुकानांवर माझा काडीचा विश्वास नाही. ज्या फडक्याने चाकं पुसतात त्यानेच काच पुसतात मेले! सगळं सामान मागवलं, अंगणात नळाजवळ गाडी लावली आणि आल्या आल्या पहिल्या रविवारी आतल्या भागाला हात घातला. सीटवर फेस मारून ब्रशने घासलं तर चहासारखं पाणी निघालं. दारांच्या खाचांतला मळ जुन्या टूथब्रशने काढला. पायाखालचा गालिचा उचलला, तर खाली लाह्या आणि वाळलेल्या गुलाबपाकळ्या. देवळातलं काहीतरी असेल, म्हणून व्हॅक्युमने ओढून घेतलं. पानमसाल्याचा वास जाईपर्यंत चारी दारं उघडी टाकली. आई वरच्या गॅलरीत खुर्ची टाकून बघत होत्या. "चमाचम झाली ग," म्हणाल्या. पुढच्या रविवारी प्रयाग, असं त्यांना सांगून टाकलं.

निघायच्या आदल्या दिवशी बाहेरचा रंग हाती घेतला. गाडी धुतल्यावरही रंगावर हात फिरवला की खरखर लागते. ती काढायला मातीसारखी मऊ वडी मिळते, साबणाचं पाणी मारून ती फिरवत जायची. स्टुलावर चढून टपावर फिरवत होते, तेव्हा दिसलं. पुढून मागेपर्यंत दोन सरळ पट्टे, रंग घासून पांढुरका झालेला. दारांच्या वरच्या कडेला दोरी काचल्याच्या खुणा. आणि रबरात अडकलेला सुतळीचा तुकडा.

बनारसच्या रस्त्यावर रोज दिसतं ते. लांबच्या गावाहून आलेली गाडी, टपावर बांबूची तिरडी बांधलेली, आत माणसं दाटीवाटीने बसलेली, आणि गाडी मणिकर्णिकेच्या दिशेने चाललेली. मंदिर म्हणे! प्रेतावर उधळतात त्या लाह्यांचाही उलगडा झाला.

मला स्वतःला त्याचं काही वाटलं नाही, खरं सांगते. मेलेला माणूस कोणाचं काय वाईट करतो? पण आई! भाजीच्या पिशवीवरसुद्धा गंगाजल शिंपडणाऱ्या त्या, सोवळ्यातल्या लोणच्याच्या बरणीला मला हात लावू देत नाहीत. त्यांना कळलं तर त्या गाडीत पाऊल ठेवायच्या नाहीत आणि बहिणीची भेट राहील ती राहीलच. ठरवलं, सांगायचं नाही. आधी पट्टे घालवायचे, मग निघायचं. "ब्रेकचं थोडं काम निघालंय," अशी थाप मारली मी त्यांना. नवरा म्हणाला, "अगं, सांगून टाक ना सरळ." मी त्याच्यावरच खेकसले.

मग दोन रविवार त्यात गेले. ऊन तापायच्या आत पॉलिशचं मशीन लावायचं, आधी रंग घासायचं जाड कंपाउंड, मग बारीक. एका जागी मशीन जास्त धरलं की रंग तापतो, म्हणून हातभर जागा घ्यायची, पुसायची, तिरकं होऊन बघायची. बॉनेटमध्ये आभाळ दिसायला लागलं, दारांवरचे ओरखडे गेले. पट्टे फिके झाले, पण जाईनात. आणखी घासलं असतं तर पत्रा उघडा पडला असता. "पुढच्या रविवारी नक्की," मी आईंना म्हटलं. त्यांनी बहिणीला फोनवर तसंच सांगितलं. ती तिकडे हसली, मला ऐकू आलं.

त्या बुधवारी प्रयागहून बहिणीच्या मुलाचा फोन आला. दुसरा झटका. वाचा गेली, माणसं ओळखत नाही.

गुरुवारी सकाळी निघालो. नवऱ्याला सुट्टी मिळाली नाही, गाडी मीच चालवली. आई पुढच्या सीटवर बसल्या. तिथे पोचल्यावर बहिणीचा हात धरून तीन तास बसून होत्या. "मी आले ग, बघ तरी," असं पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या. ती छताकडे बघत होती. मला तिथे उभं राहवेना.

परतताना वाटेतलं हंडिया गाव मागे पडलं आणि माझा धीर सुटला. "आई, मी तुमच्याशी खोटं बोलले. ब्रेकचं काही नव्हतं. या गाडीच्या टपावर..."

"मालूम आहे मला," त्या म्हणाल्या. "गॅलरीत बसून टपच तर दिसतो. गाडी आली त्याच दिवशी पाहिले ते पट्टे."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? काशीत जन्म गेला माझा. इथे कोणती गाडी त्या कामाला जात नाही? मला वाटलं, तुलाच चालत नाहीये. बाहेरची पोर, दर इतवारी घासत बसली आहे. म्हटलं, तिचं मन राजी होऊ दे, मग जाऊ."

मी गाडी कडेला घेतली. स्टीअरिंगवर डोकं टेकून हमसाहमशी रडले. आई माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. थोड्या वेळाने रस्त्याकडे बघत म्हणाल्या, "दोन इतवार बोलत होती ग ती. चांगली बोलत होती."