गोदाबाईचा आरसा पाहायला उम्म अल कुवैनला

दुबईत इतकी वर्षं राहून काय पाहिलंत असं कुणी विचारलं, की मी मॉल आणि डेझर्ट सफारी सोडून सरळ शेजारच्या उम्म अल कुवैनवर येते. नव्वदचं दशक संपत आलं होतं, आम्ही दुबईच्या करामा भागात राहायचो आणि सासूबाई व्हिजिट व्हिसावर आल्या होत्या. एकदा जेवताना नवरा सहज म्हणाला, "आमच्या ऑफिसातल्या सुलतानच्या आजीकडे, उम्म अल कुवैनला, मुंबईहून आणलेला केवढा तरी मोठा आरसा आहे म्हणे. घरात सगळे त्याला गोदाबाईचा आरसा म्हणतात."

सासूबाईंच्या हातातला घास हातातच राहिला. मग एकदम म्हणाल्या, "यल्ला! शुक्रवारी जायचं." आल्यापासून 'चला' या अर्थाचा तेवढा एकच अरबी शब्द त्यांनी उचलला होता.

गोदाबाई म्हणजे सासूबाईंच्या वडिलांची आजी. गिरगावातले सासूबाईंचे थोरले भाऊ, दादा, चारचौघांत "आमचे पूर्वज मोत्यांचे व्यापारी" असं ठोकून द्यायचे. मोती यायचे हे खरं, पण गिऱ्हाइकांच्या खिशातून. गोदाबाई कुंटणखाना चालवायची. आणि तोही असा तसा नाही!

शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, सकाळी आमच्या जुन्या निस्सान सनीतून निघालो. तुम्हीही शुक्रवारी सकाळीच निघा, शारजापर्यंत रस्त्यावर चिटपाखरू नसतं. पुढे अजमान मागे टाकलं की डावीकडे समुद्र आणि उजवीकडे वाळू, तासाभरात पोचता. वाटेत एका कॅफेटेरियासमोर गाडी उभी करून हॉर्न वाजवला, की मल्याळी चहावाला चहा थेट खिडकीत आणून देतो.

"केवढ्याला?"

"एक दिरहम, आई."

"म्हणजे बारा रुपये! एका चहाला? काय लूट आहे!" असं म्हणून त्यांनी आणखी एक मागवला.

चहा पोटात गेल्यावर त्या खुलल्या. मी मागे वळून चौदा वर्षांच्या लेकीला, सायलीला, म्हटलं, "वॉकमन लाव गं."

"ममा, आय नो एव्हरीथिंग. आजी टोल्ड मी." घ्या!

त्या घराच्या गोष्टी सासूबाईंना त्यांच्या आत्याने चोरून सांगितलेल्या. तीन मजली घर, भिंतीभर बेल्जियमचे आरसे, झुंबरं, कुणालाच वाजवता न येणारा पियानो, उन्हाळ्यात सरबतात घालायला विलायती बर्फ. दारात सेठ, साहेब आणि हिवाळ्यात मोती विकायला मुंबईत उतरलेले अरब. पोरीवर हात उगारला, तर कितीही बडा सेठ असो, त्याला पुन्हा उंबरा चढता यायचा नाही.

"म्हणजे चांगली होती ना हो?" मी म्हटलं.

"पोरी काही हौसेनं नव्हत्या आल्या तिथे," सासूबाई फटकन म्हणाल्या. मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "आमच्या घरात तिचा फोटोसुद्धा जाळला. उघडपणे 'ती बया' याखेरीज काही ऐकलं नाही मी. मरायच्या आधी कुणाच्या तरी तोंडून तिच्याबद्दल एक चांगला शब्द ऐकायचाय. एवढंच."

"आई, तिथे मात्र मोत्यांचे व्यापारीच सांग हं," नवरा गाडीच्या आरशातून बघत म्हणाला. "माझ्या ऑफिसचा प्रश्न आहे."

खाडीकाठी जुनी वस्ती आहे, प्रवाळाच्या दगडांची घरं, वाळत घातलेली जाळी. जरूर हिंडा, पण टोपी विसरू नका. सुलतान दारातच उभा होता. नवऱ्याला त्याने पुरुषांच्या बैठकीत नेलं आणि आम्हा तिघींना बायकांच्या. तिथे त्याची आजी, उम्म सालेम, ऐंशीच्या घरातली, लहानपणी बापाबरोबर मुंबईत राहिलेली. तिची हिंदी माझ्यापेक्षा फर्डी! खजूर, हलवा, वेलचीची कॉफी समोर आली. आणि तिच्या पाठीमागे, छतापर्यंत, तो आरसा. शिसवी चौकट, कोपऱ्यात काच जराशी काळवंडलेली.

सासूबाई उठून त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. "कितना सुंदर है!"

"पसंद आया? ले जाओ. आपका हो गया," उम्म सालेम म्हणाली.

अरबाच्या घरात वस्तूची तारीफ करायची नाही, ते वस्तूच देऊन टाकतात, हे सासूबाईंना सांगायचं मी साफ विसरले होते. तुम्ही विसरू नका! माझ्या डोळ्यांसमोर सनीच्या टपावर बांधलेला आरसा आला.

"नहीं नहीं," सासूबाई गडबडल्या. "हम लोग तो मोती का व्यापार..." आणि थांबल्या. माझा जीव टांगणीला. त्यांनी पदर सारखा केला. "नहीं. गोदाबाई मेरे बाप की दादी थी. उसका घर कैसा था, आपको मालूम है?"

"मालूम है. सबको मालूम है," उम्म सालेम शांतपणे म्हणाली.

मग तिने सांगितलं. साथीच्या वर्षी तिच्या आजोबांना मुंबईत ताप भरला. जोडीदार घाबरून बोटीवर पळाले, कुठलीही खानावळ दारात उभं करेना. गोदाबाईने त्यांना वरच्या खोलीत ठेवलं, धंदा बंद केला, स्वतः पेज भरवली. ते वाचले. तिच्या मागे घराचा लिलाव झाला, तेव्हा आजोबांनी हा आरसा घेतला आणि गलबतात गाद्यांत गुंडाळून आणला. "रमजान में हम हरीस बनाते हैं, गोश्त और गेहूँ का. एक हंडी उसके नाम की बाँटते हैं. मेरे दादा ने शुरू किया. अभी तक चालू है."

सासूबाई रडल्या. अगदी हुंदके देऊन रडल्या. सायलीने त्यांचा हात धरून ठेवला. स्वतःच्या रक्ताची माणसं जिचं नाव टाळत होती, तिच्या नावाने समुद्रापलीकडे परकी माणसं अन्न वाटत होती. मलाही फार लाज वाटली.

"अब तो सचमुच आपका है," उम्म सालेम म्हणाली.

"हमारे घर में उसको जगह नहीं दिया," सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या. "इधर दिया. इधरही रहने दो."

परतीच्या वाटेवर नवऱ्याने भीत भीत विचारलं, "काय सांगितलंस?" "खरं ते," त्या म्हणाल्या. तो नुसता "बरं" म्हणाला आणि गाडी चालवत राहिला.

घरी पोचल्यावर त्यांनी चपलाही काढल्या नाहीत, आधी मुंबईला फोन लावायला सांगितला. दादांना सगळं ऐकवलं. कुंटणखाना, ताप, हरीस. "आणि यंदा सर्वपित्रीला मी तिचं पान वाढणार. तुला यायचं तर ये, नाहीतर नको येऊस."

मला वाटलं, फोन आपटणार. मग दादांचा आवाज आला, शेजारी उभ्या असलेल्या मलाही ऐकू आला.

"तिला गोड काय आवडायचं, काही कळलं का गं?"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. ते विचारायचं राहूनच गेलं होतं.