चिंचेनं घासलेले वॉल्व्ह

आमच्या पांढरकवड्याच्या घरासमोर मोटार उभी असायची, हे सांगताना आजही माझी मान ताठ होते. ती चालायची किती, ते मात्र विचारू नका. नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर. मालकानं मोडीत काढलेली ही बुटकी मोटार त्यानं उचलून आणली आणि सुट्टीच्या दिवशी खपून खपून तिच्यात जीव घातला. मी तेव्हा नवी सून. अक्कल चिमूटभर, फुशारकी पायलीभर.

धाकट्या बहिणीचं लग्न माहेरी, मुकुटबनला ठरलं. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यानंतर आमच्या वस्तीत नव्या रीतीनं लागणारं हे पहिलंच लग्न. आजवर आमचे नवरदेव मागच्या पांदीच्या वाटेनं, पायी मंडपात यायचे. मी कुणाला न विचारता निरोप धाडला, की नवरदेव आमच्या मोटारीतून येईल, गावातल्या मोठ्या रस्त्यानं. बाबांनी ते अख्ख्या वस्तीला सांगून टाकलं.

आणि लग्नाच्या आदल्या दिवशी मोटार खोकायला लागली. चढ म्हटला की मागून फाट् फाट् आवाज आणि काळा धूर.

नवऱ्यानं सकाळीच इंजिनाचं झाकण उघडलं. आतून आठ वॉल्व्ह निघाले, लांब दांड्याच्या छत्र्यांसारखे. त्यातल्या एकाची, जळका धूर बाहेर सोडणाऱ्याची, कड उंदरानं कुरतडावी तशी जळून गेली होती. बाकीचे सात त्यानं फळीवर ओळीनं मांडले आणि नवा वॉल्व्ह आणायला बाजारात गेला. जाताना एवढंच म्हणाला, "इकडे ध्यान ठेवजो."

मी ध्यान ठेवलं. फारच ठेवलं. काळेकुट्ट वॉल्व्ह लग्नाला न्यायचे? मी ते उचलले, चिंच आणि राख लावून मोरीत घासले, धुतले, पुसले आणि मोठे एकीकडे, लहान एकीकडे असे चमच्यांसारखे रचून ठेवले. मग पदर खोचून शाबासकीची वाट पाहत बसले.

नवरा आला. फळीकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"हे काय केलं वं?"

"घासले नं. कसे चमकून राह्यले, पाहा."

"घासले ते घासले. जागेवरून काहून हालवले? एकेकाची आपापल्या घरी बैठक जमलेली असते. आता कोणता कोणत्या घरचा, कसं समजन?"

"सारखेच तं दिसतात. बसतीन कोठीबी."

"तुले दुसऱ्याच्या घरी नेऊन बसवलं, तं बसशीन काय?"

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "इथंच कुठी धड बसली ते अजून."

आता नव्या वॉल्व्हबरोबर जुने सातही नव्यानं बसवणं आलं. ते काम असं: वॉल्व्हच्या कडेला वाळूसारखा खरखरीत मलम लावायचा, टोकाला रबरी वाटी असलेली काठी त्याच्या डोक्यावर चिकटवायची आणि दोन्ही तळहातांत घोळवत वॉल्व्ह त्याच्या घरात फिरवत राहायचा. नवरा करून दाखवत होता आणि मी उडीच मारली. ही तर रवी! वरण घोटता घोटता माझे हात लहानपणापासून तयार झालेले.

"आणा इकडे," मी म्हटलं.

"राहू दे. आज लय केलं तुनं."

"मले येते."

त्यानं काठी दिली. मी फिरवली. खर्र खर्र आवाज हळूहळू मऊ झाला. कडेभोवती एक करडी, सलग रेघ उमटली आणि नवरा पहिल्यांदा हसला. मग सासूबाईंनी तांदळाचं सूप बाजूला सारलं. "सरक पोरी. तुह्यानं सांज होईन." संध्याकाळपर्यंत आम्ही दोघी सासवा-सुना बॉनेटखाली डोकी घालून मोटार घोटत होतो, आणि येणारे-जाणारे उभे राहून पाहत होते.

सकाळी नवऱ्यानं प्रत्येक वॉल्व्हवर रॉकेल ओतलं. झिरपलं, तर बैठक कच्ची. आम्ही तिघं वाकून पाहत राहिलो. रॉकेल जागचं हललं नाही. झाकण चढलं, हँडल फिरलं आणि मोटार अशी गुरगुरली, की मी गल्लीतच टाळ्या पिटल्या. घरंदाज सुनेनं काय करू नये, ते मी सगळं त्या दिवशी केलं.

मुकुटबनला पोचलो, तेव्हा दिवस कलला होता. नव्या रीतीत मुहूर्ताची घाई नव्हती, म्हणून बाबा थांबले होते. नवरदेव बसला, त्याची करवली बसली, सासूबाई तर उतरल्याच नाहीत. मला जागा उरली नाही. पांढरं लुगडं नेसून, हाताला रॉकेलचा वास घेऊन मी मागून चालले. मोठ्या रस्त्यावर ओट्याओट्यांवर माणसं उभी राहिली. कुणी आडवं आलं नाही. बाजा जोरात वाजत होता, पण माझे कान इंजिनाला लागले होते. पुढे चावडीजवळचा चढ आला. मी मुठी आवळल्या. मोटार चढली, एकदाही न खोकता.

मंडपाशी नवरदेव उतरला, लोक आत गेले. मी बॉनेटवर तळहात ठेवून तिथंच उभी, आणि हसू काही आवरेना. शेवटी माय मला न्यायला बाहेर आली.

"अवं, लगन आतमंदी लागून राह्यलं," ती म्हणाली. "तुही बहीण तिकडे आहे."